भीड सोडा, मीटर लावा!

गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतूनही बायका परदेशी जायला लागल्या आहेत. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाते, कुणाचा मुलगा दुबईत नोकरीला असतो, तर कुणी भिशीचे पैसे साठवून टूर कंपनीबरोबर सिंगापूर-थायलंड करून येते. पासपोर्ट निघतो, बॅगा भरल्या जातात, चिवडा-चकल्यांचे डबे बांधले जातात. आणि निघायच्या आदल्या दिवशी घरातलं लहान-मोठं प्रत्येक माणूस एकच गोष्ट बजावतं, "तिकडं एकटी-दुकटी कुठं बाहेर पडू नकोस हं!"

या बजावण्यामागे काळजी असते, हे मान्य. पण त्याचा परिणाम काय होतो, तेही बघायला हवं. सहा-सहा महिने परदेशात राहून आलेल्या कितीतरी जणी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी पाहिलेलं परदेश म्हणजे मुलाच्या घराची खिडकी आणि रविवारचा मॉल. बस घरासमोरून जाते, पण त्या बसमध्ये बसायचं कसं, उतरायचं कुठं, तिकीट कुणाकडे मागायचं, हेच कुणी सांगितलेलं नसतं. टूरवर गेलेल्यांचीही तीच गत. कार्यक्रमपत्रिकेत एक 'मोकळा दिवस' असतो, आणि तो दिवस हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघण्यात जातो.

मैत्रिणींनो, परक्या शहरातली बस, रेल्वे, टॅक्सी यांची भीती वाटणं साहजिक आहे. पण भीती ही माहितीची जागा घेऊ शकत नाही. ती माहिती कशी मिळवायची आणि वापरायची, हे आमच्या महिला मंडळाच्या सहाजणींनी २०२४ च्या जूनमध्ये बँकॉकला जे केलं त्यावरून सांगते. जून म्हणजे तिकडं पावसाळा, त्यामुळे टूर जरा स्वस्त पडली होती. आमच्यात बेचाळिसपासून अडुसष्टपर्यंतच्या बायका होत्या. इंग्रजी म्हणाल तर दोघींना बऱ्यापैकी, बाकीच्यांना कामापुरतं.

तयारी गावातच

निघण्याआधी आम्ही चार बुधवार देवळाच्या सभागृहात जमलो. भिंतीवर बँकॉकचा नकाशा लावला. आपलं हॉटेल कुठं, जवळचं स्टेशन कोणतं, आपल्याला काय बघायचंय आणि तिथं जायला कोणती गाडी, हे पेन्सिलीनं काढलं. हॉटेल सुखुमवित नावाच्या लांबलचक रस्त्यावर होतं. थाई भाषेत गल्लीला 'सोई' म्हणतात. सुखुमवितच्या एका बाजूला विषम आकड्यांच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम आकड्यांच्या. एवढं कळलं की रस्ता चुकला तरी आपण कुठल्या बाजूला आहोत ते समजतं. जवळचं स्टेशन 'असोक', म्हणजे आपला अशोकच! आपली भारतीय वकिलातही तिथून जवळच, सुखुमवित सोई २३ मध्ये आहे, हे कळल्यावर घरच्यांनाही जरा बरं वाटलं.

बँकॉकमध्ये उंचावरून धावणारी रेल्वे आहे, ती बीटीएस. ती ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली. २००४ मध्ये जमिनीखालची एमआरटी आली. दोन्हींत स्टेशनांची नावं थाईबरोबर इंग्रजीतही लिहिलेली आणि पुकारलेली असतात. "सथानी तो पाय" असं कानावर पडलं की पुढचं स्टेशन सांगताहेत असं समजायचं. 'सथानी' हा शब्द आपल्या 'स्थान'चाच नातलग. गाड्या साधारण पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत असतात. म्हणून आमचा नियम असा, की रात्री नऊच्या आत खोलीवर, आणि शेवटच्या गाडीच्या भरवशावर कुठंही थांबायचं नाही.

प्रत्येकीच्या पर्समध्ये चार गोष्टी ठेवल्या. हॉटेलचं थाई लिपीत पत्ता असलेलं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, त्या दिवसापुरते सुटे पैसे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन नंबर होते : पर्यटक पोलिस ११५५, साधे पोलिस १९१ आणि अँब्युलन्स १६६९. ११५५ वर इंग्रजीत बोलता येतं. दागिन्यांच्या बाबतीत वाद झाला, पण शेवटी सगळ्याजणी साध्या काळ्या मण्यांच्या पोतीवर आल्या.

"आज राजवाडा बंद आहे"

चौथा दिवस मोकळा होता. टूरबरोबर आलेले दादा म्हणाले, "बाहेर पडलात तर तुमच्या जबाबदारीवर." आम्ही म्हटलं, चालेल. हॉटेलपासून चालत सुखुमवित स्टेशनवर आलो, एमआरटीत बसलो आणि गाडी न बदलता थेट सनाम चाय स्टेशनवर उतरलो. हे स्टेशन २०१९ मध्ये सुरू झालं, आणि तिथून वात फो हे देऊळ व राजवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. पूर्वी इथं येण्यासाठी टॅक्सी, टुकटुक किंवा नावेशिवाय फारसा पर्याय नव्हता. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून न राहता ताजा नकाशा बघावा. आधी वात फोमधला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध डोळे भरून पाहिला, मग राजवाड्याकडे निघालो.

वाटेत कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ हसतमुखानं पुढे आला. "इंडिया? वेरी गुड! आज राजवाडा बंद आहे. पूजा चालू आहे. दुपारी एकनंतर उघडेल. तोवर टुकटुकनं दुसरी देवळं बघून या, फक्त वीस बाट!" टुकटुकवाला बाजूलाच उभा. टुकटुक म्हणजे आपल्या रिक्षाची बहीणच. वीस बाट म्हणजे किती स्वस्त!

हीच बँकॉकमधली जुनी आणि प्रसिद्ध फसवणूक आहे. ती कशी चालते ते ऐका. राजवाडा बंद नसतोच. एरवी तो रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. टुकटुकवाला एखादं देऊळ दाखवतो आणि मग रत्नांच्या दुकानात किंवा शिंप्याकडे नेतो. आपण तिथं गेलो की त्याला दुकानाकडून पेट्रोलचं कुपन किंवा कमिशन मिळतं. दुकानदार "आज शेवटचा दिवस, गावी जाऊन दुप्पट भावानं विका" असं सांगून सामान्य खडे महागात गळ्यात मारतो. यात कुणी चाकू दाखवत नाही की पर्स ओढत नाही. सगळं गोड बोलून चालतं.

आणि इथंच मला सांगायची ती गोष्ट येते. असा माणूस आपल्या अज्ञानावर थोडासा आणि आपल्या भिडेवर जास्त जगतो. माणूस इतका नम्रपणे बोलतोय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, असं आपल्याला वाटतं. घरातल्या बाईला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. मोठ्यानं बोलू नये, उलट उत्तर देऊ नये, समोरच्याला वाईट वाटेल असं वागू नये. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई परक्या देशात मात्र गप्प होते आणि टुकटुकमध्ये बसते. 'भीड ही भिकेची बहीण' असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते उगाच नाही.

म्हणूनच त्या चार बुधवारांत आम्ही 'नाही' म्हणायचा चक्क सराव केला होता. एकीनं टुकटुकवाला व्हायचं, दुसरीनं "नो, थँक यू" म्हणून न थांबता पुढं चालायचं. तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. पण त्या दिवशी आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात "नो, थँक यू" म्हटलं आणि त्या चालू पडल्या. मागोमाग आम्ही. पाच मिनिटांत दारात पोचलो. राजवाडा उघडा होता, आणि परक्या माणसांवर विश्वास ठेवू नका अशा अर्थाची पाटीही तिथं लावलेली होती! आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत एवढीच अट. आपल्या सलवार-कमीजला आणि साडीला तिथं काहीच अडचण नाही.

बंद आहे की चालू, हे नेहमी दारावरच्या माणसाला किंवा खिडकीवरच्या गणवेशातल्या माणसाला विचारावं. आपण विचारलेल्या माणसानं दिलेली माहिती आणि आपण न विचारता कुणीतरी येऊन दिलेली माहिती, यात फार फरक असतो.

नावेत बसताना

राजवाड्यानंतर था तियेन धक्क्यावरून होडीनं पलीकडच्या वात अरुणला गेलो, आणि तिथून चाओ फ्राया नदीतल्या मोठ्या प्रवासी नावेनं साथोर्नच्या धक्क्यावर आलो. या नावांवर रंगीत झेंडे असतात. नारिंगी झेंड्याची नाव रोजच्या प्रवाशांची, निळ्या झेंड्याची पर्यटकांची. धक्का पाण्यावर तरंगणारा असतो, नाव जेमतेम मिनिटभर थांबते आणि लोक घाईनं चढतात-उतरतात. म्हणून नाव दोरानं धक्क्याला टेकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एक हात मोकळा हवा, चपला पायात घट्ट बसणाऱ्या हव्यात. साडी नेसलेल्यांनी निऱ्या किंचित वर खोचून घ्याव्यात, कुणी बघत नाही.

आणखी एक रिवाज लक्षात ठेवा. नावेत, बसमध्ये बौद्ध भिक्षूंसाठी राखून ठेवलेली जागा असते. बाईनं भिक्षूला स्पर्श करू नये, त्यांच्या शेजारी बसू नये, असा तिथला संकेत आहे. तो आपल्याला पटो न पटो, पाळला की उगाच कानकोंडं व्हायला होत नाही.

काकू मागे राहिल्या तेव्हा

साथोर्न धक्क्याच्या डोक्यावरच सफान ताक्सिन हे बीटीएसचं स्टेशन आहे. तिथून सियामला यायचं आणि दुसऱ्या लाइनची गाडी पकडून असोकला उतरायचं. सियाम म्हणजे आपलं दादरच समजा. दोन लाइनी तिथं मिळतात, त्यामुळे गर्दी. आम्ही पाचजणी आत शिरलो आणि दारं मिटली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, अडुसष्ट वर्षांच्या काकू फलाटावरच राहिल्या. काचेतून त्या दिसत होत्या आणि गाडी निघाली.

खरं सांगते, पोटात गोळा आला. पण नियम आधीच ठरलेला होता. मागे राहिलेलीनं जागचं हलायचं नाही, पुढं गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. मी आणि पोस्टात नोकरी करणाऱ्या आमच्या ताई चित लोमला उतरलो, उलट दिशेची गाडी पकडली. बाकीच्या तिघी चित लोमच्या फलाटावर बाकाशी थांबल्या. दहा मिनिटांत आम्ही पुन्हा सियामला. काकू होत्या तिथंच उभ्या होत्या, शेजारी फलाटावरचा गणवेशातला रखवालदार. काकूंनी त्याला हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड दाखवलं होतं. तो त्यांना गाडीत बसवून द्यायला निघाला, तर काकूंनी मान हलवून नकार दिला आणि बोटानं जमिनीकडे दाखवलं, म्हणजे मी इथंच थांबणार! काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण नियम पाठ होता, तेवढा पुरला.

दोघी असा किंवा वीसजणी, हा नियम घरातून निघतानाच ठरवून ठेवा. मोबाइल असतोच, पण बॅटरी संपते, रेंज जाते, आणि घाबरलेल्या माणसाला बटण सापडत नाही.

टॅक्सी : मीटर म्हणजे मीटरच

त्याच संध्याकाळी प्रातुनामच्या कपड्यांच्या बाजारात गेलो. पिशव्या भरल्या आणि धो-धो पाऊस सुरू झाला. असा पाऊस म्हणजे टॅक्सीवाल्यांची चंगळ. पहिल्यानं थेट "थ्री हंड्रेड" म्हटलं. दुसऱ्यानं मीटर बिघडल्याचं सांगितलं. आम्ही दोघांनाही सोडून दिलं. तिसऱ्यानं मान डोलावून मीटर पाडला. बँकॉकच्या साध्या टॅक्सीचा मीटर ३५ बाटपासून सुरू होतो. त्या गर्दीतून हॉटेलला पोचेपर्यंत शंभराच्या आतच बिल झालं.

टॅक्सीत बसण्याआधी दार उघडून "मीटर?" एवढंच विचारायचं. थाईतही मीटरच म्हणतात. तो नाही म्हणाला, तर दार लावून पुढची टॅक्सी बघायची. बसल्यावर त्यानं मीटर लावला नाही, तर गाडी हलायच्या आत उतरायचं. टुकटुकला मीटर नसतो, म्हणून भाडं बसण्याआधी ठरवायचं, आणि दोन्ही बाजू उघड्या असल्यानं पर्स मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळून. मोबाइलवर ग्रॅबसारख्या अ‍ॅपनं गाडी बोलावली तर भाडं, गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव आधीच दिसतं. नंबर जुळल्याशिवाय आत बसू नये.

आम्ही सहाजणी, म्हणजे दोन टॅक्सी, प्रत्येकीत तिघी. निघताना गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. नंबर लिहून घ्या असं मी म्हणत नाही, कारण प्लेटवरची अक्षरं थाई असतात. फोटोच बरा. आपण फोटो काढतोय हे चालकाला दिसलं तर आणखी बरं. विमानतळावर तर ही सोय यंत्रच करतं. सुवर्णभूमी विमानतळावर, ज्याला तिथले लोक 'सुवन्नपूम' म्हणतात, टॅक्सीच्या रांगेत यंत्रातून चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी उतरेपर्यंत जपून ठेवायची. तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. तिथं मीटरवर ठरावीक अधिभार आणि रस्त्याचा टोल वेगळा द्यावा लागतो, ती मात्र फसवणूक नाही. २०१० पासून विमानतळावरून शहरात यायला रेल्वेही आहे.

नारिंगी जाकिटं घातलेले मोटरसायकलवाले गल्लीगल्लीत दिसतात. आमच्यातल्या एकीला फार मोह झाला होता. पण बाकीच्यांनी नाही म्हटलं. थायलंडमध्ये रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत दुचाकीवरचे लोक सर्वांत जास्त असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचे अहवाल सांगतात. शिवाय हेल्मेट नसताना अपघात झाला, तर प्रवास विम्याचे पैसे मिळण्यातही अडचण येऊ शकते.

आणि कुणी धक्का मारला, अंगचटीला आलं तर? तर ओरडा. आवाज मराठीतला असला तरी चालतो. "अहो, काय चाललंय?" याचा अर्थ जगातल्या कुठल्याही डब्यात कळतो. मग तिथून उठून गणवेशातल्या माणसाजवळ किंवा चार बायका बसल्या असतील तिथं जाऊन बसायचं.

गाव बदललं तरी

बँकॉकच्या ऐवजी दुबई, सिंगापूर किंवा अमेरिका असली तरी पद्धत हीच. तपशील मात्र आधी विचारून घ्या. थायलंड, सिंगापूर, इंग्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. दुबई, अमेरिका, फ्रान्स-जर्मनीत उजव्या बाजूनं. तिथं रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, आणि बसचं दारही आपल्या सवयीच्या उलट बाजूला असतं. दुबईच्या मेट्रोत, जी २००९ मध्ये सुरू झाली, बायका-मुलांसाठी वेगळी जागा राखलेली असते, आणि बायका चालवतात अशा गुलाबी टपाच्या टॅक्सीही आहेत. मदतीचा नंबर अमेरिकेत ९११, युरोपातल्या बहुतेक देशांत ११२, दुबईत आणि सिंगापूरमध्ये पोलिसांसाठी ९९९. हे नंबर पाठ करण्यापेक्षा चिठ्ठीवर लिहून ठेवा.

लेकीकडे-सुनेकडे जाणाऱ्या बायकांनी पहिल्या आठवड्यातच एक काम करावं. लेकीला म्हणावं, "एकदा माझ्याबरोबर बसनं बाजारापर्यंत चल, येताना मी पुढं राहते, तू मागं ये." एक फेरी तिच्याबरोबर, दुसरी तिच्या देखत, तिसरी आपली आपण. एवढं जमलं की सहा महिने खिडकीत बसावं लागत नाही. देवळात जाता येतं, बागेत जाता येतं, आणि बाळंतिणीला रात्री काही लागलं तर जावयाच्या येण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

घरच्या पुरुषमंडळींनाही एक विनंती. आईला, बायकोला निरोप देताना "कुठं जाऊ नकोस" असं सांगण्याऐवजी तिच्याबरोबर अर्धा तास नकाशा घेऊन बसा. कोणती गाडी, कुठं उतरायचं, चुकलं तर कुणाला विचारायचं, एवढं सांगा. आणि मैत्रिणींनो, तुम्ही आरशासमोर उभं राहून खणखणीत आवाजात "नो, थँक यू" म्हणायचा सराव करा. पहिल्या दिवशी हसू येईल. चौथ्या दिवशी आपोआप जमेल.